कथेवर हात फिरवणं म्हणजे नेमकं काय? एका परिच्छेदाची गोष्ट, आणि तुमचेही परिच्छेद टाका

सुकीकाठ

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नऊ-दहा वर्षं झाली कथा लिहिते. आजवर मला दोनच प्रकारची उत्तरं मिळाली. एक, ओळखीच्यांचं: 'खूप छान, डोळ्यांत पाणी आलं.' दुसरं, दिवाळी अंकांचं: 'साभार परत.' दोन्हींतून मला माझ्या कथेबद्दल काही कळलं नाही. छान म्हणजे काय छान? परत, तर कोणत्या वाक्यापाशी वाचणाऱ्याचं मन उडालं?

गेल्या वर्षी जळगावला एका निवृत्त मराठीच्या सरांकडे कथा घेऊन गेले. त्यांनी तीन तास घेतले. पूर्ण कथेला नाही, पहिल्या पानाला. तो परिच्छेद होता तसा इथे देते:

"मृगाच्या आधीच निसर्गाने आपले रौद्र रूप धारण केले. सोसाट्याचा वारा सुटला आणि होत्याचे नव्हते झाले. बाबांच्या काळजाचे पाणी पाणी झाले. ज्या केळींना त्यांनी पोटच्या पोरांसारखे जपले, त्या पाच हजार केळी दोन एकरात धारातीर्थी पडल्या होत्या. बाबांच्या अश्रूंचा बांध फुटला. शेतकऱ्याचे दुःख कोणाला कळणार?"

सरांनी आधी मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. माझा आवाज जिथे अडखळला तिथे त्यांनी पेन्सिलीनं बारीक टिंब दिलं. मग एकेका वाक्यावर बोट ठेवून प्रश्न. 'रौद्र रूप कोणी पाहिलं? तुम्ही पाहिलं, की वर्तमानपत्रात वाचलं?' 'वारा सुटला तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात?' 'होत्याचे नव्हते हे वाक्य तुम्ही कधी घरात बोलता का?' 'बाबा खरंच रडले?'

शेवटच्या प्रश्नावर मी गप्प झाले. कारण बाबा रडले नव्हते. कथा माझ्या घरातलीच आहे, ती वावटळ मी पाहिली आहे, आणि तरी मी खोटं लिहिलं होतं. दुःख म्हटलं की अश्रूंचा बांध फुटतो, असं हातानं आपोआप लिहिलं होतं. सर म्हणाले, 'मग बाबांनी काय केलं?' मी सांगितलं. ते म्हणाले, 'हे का नाही लिहिलं?'

घरी येऊन पंधरा दिवस वहीला हात लावला नाही. राग आला होता, हे कबूल करते. मग हे लिहिलं:

"वारा थांबला तेव्हा साडेचार वाजले होते. बाबा चप्पल न घालताच बांधावर गेले. पहिल्या ओळीतली सगळी खोडं एकाच अंगाला पडली होती. बाबांनी एक वाळलेलं पान ओढलं, त्याची घडी केली आणि पहिल्या घडाखाली सारली. मग दुसरं पान, दुसऱ्या घडाखाली. घड कापताना माती लागून डाग पडू नये म्हणून खाली पानं अंथरतात, तसं. हा माल कोणताही व्यापारी घेणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. आठव्या की नवव्या घडापाशी आई म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या आते.' बाबांनी ऐकलं नाही."

धागा काढण्याचं कारण एवढंच, की असं वाचणारं माणूस प्रत्येकाला मिळत नाही. आपण एकमेकांसाठी ते करू शकतो का? एक परिच्छेद टाकायचा, फार तर दहा ओळी. वाचणाऱ्यानं नुसतं 'आवडलं' म्हणून जायचं नाही. कुठे थांबलो, काय समजलं, काय पटलं नाही, ते वाक्य दाखवून सांगायचं. सुरुवात माझ्यापासून करा. वरचा दुसरा परिच्छेदही पक्का झालाय असं मी मानत नाही.

केळीबाग

ताई, दुसरा परिच्छेद वाचून मी थोडा वेळ काही वाचलंच नाही. पान घडाखाली सारणं हे केळीवाल्या घरातल्या माणसालाच सुचेल.

आता चूक. पहिल्या परिच्छेदात दोन एकरात पाच हजार केळी आहेत. पुढच्या भागात तो आकडा तसाच असेल तर बदला. पाच बाय पाच फुटांवर लावली तरी एकरी साधारण १,७४० झाडं बसतात. दोन एकरात साडेतीन हजारांच्या आत. पाच हजारांना जवळपास तीन एकर लागतील. शहरातल्या वाचकाला फरक पडणार नाही, पण रावेर-यावलमधला कोणीही तिथेच थांबेल. आणि तो एकदा थांबला की पुढे बाबा खरे वाटायला वेळ लागतो.

सुकीकाठ

भाऊ, पुढे पंचनाम्यात तलाठी पाच हजारच लिहितो. आत्ता उघडून पाहिलं. आकडा मी केवळ मोठा वाटावा म्हणून टाकला होता. जमीन तीन एकर करते, कारण पाच हजार खोडं हा हिशेब बाबांच्या तोंडी पुढे दोनदा येतो आणि तो मोडला तर ते संवाद मोडतील.

पांझरेचं_पाणी

धुळ्याहून लिहितोय. मला आईच्या वाक्यापाशी अडखळायला झालं. 'ऱ्हाऊ द्या आते' ही आमच्याकडची अहिराणी. तुमची कथा रावेरकडची. तिकडे घरात लेवा गणबोली असते ना? बाहेरच्यांना सगळी खान्देशी एकच वाटते, कारण 'मले', 'तुले' दोन्हीकडे आहे. पण 'शे' आलं, 'करी ऱ्हायना' आलं, की ते माणूस तापीच्या कोणत्या बाजूचं, कोणत्या तालुक्यातलं, हे आमच्या कानाला लगेच कळतं. एका घरात दोन बोल्या असतील तर त्याला कारण हवं. अनेकदा लेखक बोलीचा नुसता मसाला म्हणून दोन-चार शब्द टाकतात, तसं तुमचं होऊ नये म्हणून सांगतो.

सुकीकाठ

कारण आहे. आई साक्रीकडची आहे. पण तुम्ही म्हणता ते बरोबर, कारण ते फक्त माझ्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. लग्नाला चाळीस वर्षं होऊनही ती घाईच्या, काळजीच्या क्षणी माहेरच्या बोलीत बोलते, एरवी नाही. हे कथेत आधी एकदा सहज येऊन गेलं पाहिजे, म्हणजे बांधावरचं तिचं ते वाक्य ऐकताना वाचकाला कळेल की ती किती घाबरली आहे. आभार. एका शब्दावरून अख्खं पात्र सापडलं मला.

गिरणामाय

मी थोडं वेगळं बोलणार आहे. दुसरा परिच्छेद चांगला आहे, वाद नाही. पण आजकाल चांगलं लिहिणं म्हणजे भावना पुसून टाकणं असं समीकरण झालंय, ते मला मान्य नाही. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, आमच्या आजोबांच्या पिढीनं त्यांना पाहिलंय. त्यांच्या लिहिण्यात डोळ्यांतलं पाणी उघड आहे. ती काय वाईट कथा? आपल्याकडे कीर्तनकार स्वतः रडतो आणि ऐकणाऱ्यालाही रडवतो. 'बाबांनी ऐकलं नाही' इथे थांबलात, पण त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला लाज का वाटावी?

दुसरी गोष्ट. नवीन लिहिणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी वाक्यावाक्यावर असे प्रश्न विचारले तर तो लिहिणं सोडेल. आमच्या चाळीसगावच्या वाचनालयात मी हे घडताना पाहिलंय. एका मुलानं कथा वाचली, चार मोठ्या माणसांनी त्याच्या चुका काढल्या, तो पुन्हा आला नाही.

सुकीकाठ

मावशी (वयानं मोठ्या असाव्यात असं धरते), दोन्ही मुद्दे मनापासून घेतले.

गुरुजींबद्दल. श्यामच्या त्या प्रसंगात ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई दगडावर पदर पसरते. ते आधी डोळ्यांपुढे येतं. मनालाही घाण लागू देऊ नकोस, हे ती नंतर सांगते. पदर नसता तर ते वाक्य नुसता उपदेश झाला असता. माझ्या पहिल्या परिच्छेदात पदरच नव्हता, नुसतं पाणी होतं. भावना लिहायची नाही असं सरही म्हणाले नाहीत. तिला आधी उभं राहायला जागा द्या, एवढंच म्हणाले.

त्या मुलाची गोष्ट वाचून वाईट वाटलं. चौघांनी एकदम, सगळ्यांसमोर, आणि चुकाच काढल्या असतील तर ते संपादन नव्हतं. सरांनी मला एकदाही 'हे चूक' म्हटलं नाही. विचारलं. आणि सुरुवातीला त्यांना कथेत काय दिसलं ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं: 'एका माणसाचं पीक गेलंय आणि त्याची मुलगी ते पाहतेय, बरोबर?' तेवढ्यावरूनच माझ्या लक्षात आलं, की मुलगी पाहतेय हे मी कुठे लिहिलेलंच नाही. इथेही आधी काय समजलं ते सांगू, मग पुढचं.

शहादा_डेपो

मी एस.टी.त वाहक आहे. फेऱ्यांच्या मधल्या वेळेत लिहितो. कोणाला दाखवलेलं नाही. आज टाकतोय.

"'तू आलीस!' तो आनंदाने ओरडला. 'हो, आले,' ती लाजत हळूच म्हणाली. उद्या कानबाई होती. दिवसभर कापूस वेचून तिचे हात सोलले होते, तरी तिच्या चेहऱ्यावर चंद्राचं तेज होतं. त्याला वाटलं, आता सांगून टाकावं. तिलाही वाटलं, याने आता सांगावं. स्टँडवरच्या चहावाल्याला दोघांकडे बघून स्वतःचं तरुणपण आठवलं."

पांझरेचं_पाणी

दादा, पहिल्यांदा टाकलंत, अभिनंदन. मला समजलं ते असं: एक मुलगा आणि एक मुलगी स्टँडवर भेटतात, त्याला काही सांगायचंय, तो सांगत नाही. बरोबर?

आता वाचता वाचता कुठे थांबलो ते. कानबाई श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तेव्हा कापसाला पात्या, फुलं, फार तर हिरवी बोंडं असतात. वेचणी तिथून पुढे, दसरा-दिवाळीच्या सुमारास जोरात. श्रावणात तिचे हात वेचून सोलणार नाहीत. एक तर सण बदला, नाही तर काम बदला.

शहादा_डेपो

अरे देवा. हे मला माहीत आहे, घरी चार एकर कापूस आहे. लिहिताना हातांवर ओरखडे हवे होते, म्हणून वेचणी आली. श्रावणात निंदणी चालते. काम बदलतो.

सुकीकाठ

ओरखडे का हवे होते हाही प्रश्न विचारा स्वतःला. ती कष्टाळू आहे हे दाखवायला? निंदणीवरून आलेल्या बाईच्या नखांत काळी माती असते, ती धुतली तरी लगेच जात नाही. ती पुरेल का बघा.

बाकी दोन गोष्टी. 'आनंदाने ओरडला', 'लाजत हळूच म्हणाली'. तुम्ही वाक्याला त्याचं वाक्य बोलू देत नाही, शेजारी उभे राहून समजावून सांगता. 'तू आलीस!' यात आनंद आहेच. आणि शेवटच्या तीन वाक्यांत आपण तीन डोक्यांत शिरलो: त्याच्या, तिच्या, चहावाल्याच्या. दोघांनाही एकच वाटतंय हे वाचकाला सांगून टाकलं की मग वाट कशाची बघायची? एकाच्याच डोक्यात राहा. ती काय विचार करते हे त्याला कळत नाही, म्हणून तर तो अडतो.

चंद्राच्या तेजाबद्दल: हे वाक्य कोणत्या मुलीबद्दल लिहिता येणार नाही? कोणत्याही मुलीबद्दल चालत असेल तर ते हिच्याबद्दल नाही.

केळीबाग

मला एक साधा प्रश्न पडलाय. कानबाईच्या आदल्या दिवशी घरात रोटांच्या दळणाची धावपळ. बाईमाणसाला बसायला फुरसत नसते. ही पोरगी स्टँडवर काय करतेय?

शहादा_डेपो

तिचा भाऊ सुरतेला कामाला आहे. कानबाईला घरचे सगळे येतात, तोही येणार. त्याच्या गाडीला ती आली आहे. मला हे पहिल्यापासून माहीत होतं.

पांझरेचं_पाणी

दादा, मग गोष्ट तिथेच आहे! ती त्याच्यासाठी आलेलीच नाही. आणि तो 'तू आलीस' म्हणतो.

शहादा_डेपो

दोन दिवस लागले. रात्रीच्या मुक्कामी गाडीत बसून लिहिलं.

"'आलीस?'
'दादाची गाडी बघायला.'
सुरत गाडी अजून लागली नव्हती. तो तिच्या शेजारी उभा राहिला, एका माणसाची जागा सोडून. तिच्या हातात पिठाची पिशवी होती. नखांत काळी माती होती, निंदणीवरून गिरणीत आणि गिरणीतून थेट इकडे आली होती. त्याला वाटलं, गाडी उशिरा यावी.
'किती वाजता येते?' त्याने विचारलं. त्याला वेळ पाठ होती."

गिरणामाय

'त्याला वेळ पाठ होती.' माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण हे वाचून मला जे झालं ते तुम्ही कुठे लिहिलेलं नाही आणि तरी झालं. पोरा, लिहीत राहा.

उन्हाळी_भुईमूग

उशिरा येतोय. एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणून एक भेद सांगावासा वाटतो. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, राहिलेली अक्षरं हे मुद्रितशोधन. ते शेवटी. आपल्याकडे 'संपादन करून द्या' म्हणून कथा हातात देतात आणि अपेक्षा असते वेलांट्या दुरुस्त करण्याची. ज्या परिच्छेदाला उद्या कात्री लागणार, त्याच्या वेलांट्या आज कशाला तपासायच्या? इथे जे चाललंय ते खरं संपादन. मराठीत 'मौज' आणि 'सत्यकथा'च्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी हे काम अनेक वर्षं केलं, लेखकाला लांब पत्रं लिहून, हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवून. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. माझ्या मते तेव्हापासून नव्या कथालेखकाला नकारासोबत कारण मिळणंही कमी झालं.

पण दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ च्या संग्रहावर गॉर्डन लिश या संपादकानं इतकी कात्री चालवली की कथा एकंदरीत निम्म्याहून कमी उरल्या. कार्व्हरनी पत्र लिहून थांबा म्हणून विनवलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, मूळ कथा वेगळ्या पुस्तकात आल्या. आज वाचक दोन्ही वाचतात आणि कोणती खरी यावर भांडतात. त्या कापलेल्या कथा वाईट नाहीत, कित्येकांना त्याच आवडतात. प्रश्न आहे की त्या कोणाच्या? म्हणून मी पेन्सिलच वापरतो आणि पर्यायी वाक्य शक्यतो लिहून देत नाही. सुकीकाठ ताईंनी नखांतल्या मातीची प्रतिमा स्वतःच दिली, ते मला खटकलं. ती प्रतिमा वाहक दादांनी शोधायला हवी होती.

सुकीकाठ

बरोबर आहे. मला मोह झाला. सरांनी माझ्या परिच्छेदात एकही शब्द घातला नव्हता. दादा, माफ करा. ती माती काढून तुमचं काही ठेवावंसं वाटलं तर जरूर काढा.

शहादा_डेपो

ठेवतो ताई. ती माझ्या बहिणीच्या नखांत रोज बघतो. पण पिठाची पिशवी माझी आहे.

उन्हाळी_भुईमूग

आणि एक. सगळ्यांनीच आपलं लिहिणं मोठ्यानं वाचावं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता तोंडातून यायचं ते सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, आणि ते पुस्तक झालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर वर्षभरानं. जे आधी कानावर पडून मग कागदावर आलं, त्यात फालतू शब्द सापडत नाही. आपलं उलट होतं, कागदावरून थेट छापखान्यात. जीभ जिथे अडते तिथे बहुतेक वेळा काहीतरी खोटं किंवा जास्तीचं असतं. सुकीकाठ ताई, तुमचा दुसरा परिच्छेद मी मोठ्यानं वाचला. 'घड कापताना माती लागून डाग पडू नये म्हणून खाली पानं अंथरतात, तसं' इथे अडलो. बाबा पान सारत असताना तुम्ही आम्हाला बाजूला घेऊन माहिती देता. केळीवाल्याला ती नको आणि इतरांना त्या क्षणी ऐकायची नाही. ती आधीच्या एखाद्या कापणीच्या प्रसंगात टाकता येईल का?

सुकीकाठ

टाकता येईल. कथेत आधी एक कापणी आहेच, मी लहान असतानाची, तिथे बाबा मला पानं अंथरायला शिकवतात असं करते. मग वावटळीच्या दिवशी नुसतं पान सारलं तरी वाचकाला कळेल. तुमच्या एका अडखळण्यानं दोन प्रसंग जोडले गेले.

केळीबाग

ताई, बाबांनी वाचली का कथा?

सुकीकाठ

नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हापासून ते डोक्यात होतं. काल संध्याकाळी ओट्यावर त्यांना दुसरा परिच्छेद वाचून दाखवला. आई आतून ऐकत होती.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुकं पान कुठून आनलं? सारं भिजेल होतं."

खरंच. वाऱ्याबरोबर पाऊसही होता. मी त्या दिवशी तिथे होते, सरांनी तीन तास त्या एका पानावर घालवले, तुम्ही सगळ्यांनी वाचलं, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मी विचारलं, मग कसलं पान घेतलंत? म्हणाले, पडलेल्या खोडाचंच, हिरवं. फाडून.

वाक्य आता असं आहे: "बाबांनी पडलेल्या खोडाचं एक हिरवं पान फाडलं आणि पहिल्या घडाखाली सारलं." घडी काढून टाकली, ओल्या पानाची घडी बसत नाही. 'सारलं' ठेवावं की 'घातलं', हेही विचारलं. बाबा म्हणाले, सारतात.